पत्रीचा डाव

पौषात पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. आता लोक मोटारसायकलवर जाऊन सांजच्याला घरी येतात. आमच्या लहानपणी बैलगाडीनं दोन दिवसांची वाट असायची आणि तारळी नदीच्या काठाला तीन दिवस मुक्काम. गाडीखाली कडबा अंथरायचा, तीन दगडांची चूल मांडायची. भंडारा आठ दिवस कानातनं निघायचा नाही.

थोरली माणसं देवाकडं गेली की आम्ही पोरं नालबंदाभोवती. बैलाच्या नालेला आमच्याकडं पत्री म्हणतात. घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याची नाल एकच, वाकवलेली. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन चपट्या पत्र्या. चारी पायांना मिळून आठ. नुसतं रान नांगरणाऱ्या बैलाला त्यांची गरज नसते, गरज रस्त्याला. १९७२ च्या दुष्काळात आमच्याच आयाबापांनी खडी फोडली, तिचे रस्ते झाले आणि त्याच खडीवर आमच्याच बैलांची खुरं झिजायला लागली. बैल दोरीनं आडवा पाडायचा, पाय बांधायचे, एकानं शिंगं दाबून धरायची. खूर तासून खिळे तिरपे ठोकायचे. खिळा आत मांसात गेला की बैल लंगडा झालाच.

झिजून काढलेल्या पत्र्या आमच्या खेळायला. जूची शिवळ वाळूत रोवायची आणि दहा पावलांवरनं पत्री फेकायची. जवळ पडेल त्याचा डाव, शिवळेला लागली तर समोरच्याची खोबऱ्याची वाटी.

दुष्काळ सरल्यावरच्या जत्रेत मी सारखा हरत होतो. झिजकी पत्री भलतीकडंच जायची. म्हणून दुपारी नालबंदाच्या पोत्यातली एक नवी कोरी उचलली. तिच्यावर तीन वाट्या जिंकल्या!

संध्याकाळी सगळ्यात शेवटी आमच्या बैलांची पाळी आली. हरण्याच्या पुढच्या पायाला एक पत्री कमी पडली. नालबंदानं पोतं दोनदा झटकलं. "मोजून आणल्या हुत्या, आबा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझ्या चड्डीच्या खिशात ती जड लागत होती. मी बोललो नाही.

पहाटे निघालो. खडी लागली तसा हरण्या पाय उचलून टाकायला लागला. आबा खाली उतरले, मग आई, मग आम्ही सगळे. आबांनी पटक्याची पट्टी फाडून खुराला बांधली. ती कोसभरही टिकली नाही. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "आबा, पत्री माझ्यापाशी हाय."

आबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. मला वाटलं, आता चाबूक बसणार.

"खिळं हायती का तुझ्यापाशी?" एवढंच म्हणाले.

हरण्या पंधरा दिवस दावणीला उभा राहिला. तेवढ्या दिवसांचं गाडीचं भाडं बुडालं.

पुढच्या जत्रेला आबा देवाच्या आधी मला नालबंदाकडं घेऊन गेले. पत्री त्याच्या हातात ठेवली, काय झालं ते माझ्याच तोंडून सांगायला लावलं. नालबंद हसला नाही, रागावलाही नाही. ती पत्री त्यानं हरण्याच्याच पायाला मारली. शिंगं धरायला आबांनी मला बसवलं.