फिरते कीर्तनकार आणि गावचे टाळकरी

महाराष्ट्रात कीर्तनासाठी गावोगाव फिरणे हा काहींचा व्यवसाय होता आणि काहींचे व्रत, आणि या दोन्ही वाटा कोल्हापूरच्या परिसरात शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. शहराच्या दक्षिणेला गारगोटी रस्त्यावर असलेले कळंबा बाहेरच्या लोकांना तलावामुळे आणि मध्यवर्ती कारागृहामुळे माहीत असते. कीर्तनाच्या दृष्टीने मात्र हे गाव दोन मुलुखांच्या सीमेवर आहे. उत्तरेला कोल्हापूर शहर, म्हणजे अंबाबाईच्या देवळातला नवरात्रोत्सव आणि पेठांमधल्या मंदिरांत होणारी नारदीय कीर्तने. दुसऱ्या बाजूला करवीर तालुक्यातली खेडी, त्यांची भजनी मंडळे, हरिनाम सप्ताह आणि प्रतिपंढरपूर म्हणून ओळखले जाणारे नंदवाळचे विठ्ठल मंदिर. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला पायी दिंडी जाते आणि वाटेत पुईखडीला रिंगण होते.

कीर्तन घेऊन दूरवर गेलेल्या मराठी माणसांत पहिले मोठे नाव नामदेवांचे. त्यांचा काळ परंपरेने 1270 ते 1350 असा धरला जातो. ते पंढरपुराहून उत्तरेत गेले. पंजाबातल्या घुमाण गावाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आणि त्यांच्या नावावरची 61 पदे पुढे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. भाषा बदलली तरी कीर्तन टिकते, याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम पुरावा. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मठांची साखळी उभारली, तेव्हा हिंडत्या शिष्याला मुक्कामाची हक्काची जागा मिळाली. त्यांच्या शिष्यांतल्या वेणाबाई याच कोल्हापूर–मिरज भागातल्या. बालविधवा असलेल्या वेणाबाईंना समर्थांनी सभेत उभे राहून कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली, असे संप्रदाय सांगतो. मिरजेत त्यांचा मठ आजही आहे. त्या काळात विधवेने लोकांसमोर उभे राहून गावे, बोलावे, ही गोष्ट किती धाडसाची होती हे वेगळे सांगायला नको.

पेशवाईत आणि त्यानंतर नारदीय कीर्तनाला व्यवसायाचे रूप आले. अंगरखा, उपरणे, डोक्यावर पगडी किंवा फेटा, हातात झांज किंवा चिपळ्या, अशा वेशातले हरिदास देवळाच्या सभामंडपात उभे राहत. कीर्तनाचा घाट ठरलेला असे. नमन झाले की पूर्वरंगात एखाद्या पदाचे निरूपण, मग नामगजर आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान. मध्यंतरात बुवांच्या कपाळी बुक्का लागे, गळ्यात हार पडे आणि श्रोत्यांना पाय मोकळे करायला जरा वेळ मिळे. शेवटी आरती आणि बिदागी. एकाच माणसाला गाणे, वक्तृत्व, संस्कृत श्लोक, साकी-दिंडीसारखी वृत्ते आणि नकलेचे अंग एवढे सगळे लागे. त्यामुळे ही विद्या बहुधा घराण्यातून किंवा गुरूच्या मागे वर्षानुवर्षे झांज धरून येई.

फिरण्याचे वेळापत्रक पंचांगाने ठरवलेले होते. चैत्रात रामनवमी आणि हनुमान जयंती, श्रावणात गोकुळाष्टमी, आश्विनात नवरात्र, मार्गशीर्षात दत्तजयंती, माघात दासनवमी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी दत्तभक्तांचे मोठे ठिकाण असल्याने या भागात दत्तजयंतीला विशेष महत्त्व. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की कीर्तनकार एखाद्या देवळात चातुर्मासासाठी राही आणि रोज एकाच श्रोतृवर्गापुढे उभा राही. फिरत्या माणसाची खरी परीक्षा इथे होई. एकेका रात्रीच्या मुक्कामांना पाच-सहा आख्याने पुरत, चार महिन्यांना पुराणांचे भांडार लागे.

या फिरतीचा सर्वांत दूरवरचा परिणाम तंजावरात दिसतो. तिथे 1855 पर्यंत भोसल्यांची गादी होती आणि मराठी कीर्तनकारांना आश्रय मिळत असे. एकोणिसाव्या शतकात मोरगावचे रामचंद्रबुवा तिथे चातुर्मासासाठी राहिले. त्यांच्या कीर्तनांचा तंजावर कृष्ण भागवतरांवर (1847–1903) खोल ठसा उमटला. भागवतरांनी मराठी कीर्तनाची बांधणी आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे रचनाप्रकार कर्नाटक संगीतात आणले आणि तमिळ हरिकथेला आजचे रूप दिले. मराठी श्रोत्यांना ही कथा फारशी ठाऊक नसते, याची खंत वाटावी इतकी ती मोलाची आहे.

कोल्हापूर–मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि पुण्याचा बुवा पूर्वीपेक्षा कितीतरी सहज कोल्हापुरात पोचू लागला. याच सुमारास कीर्तनाच्या साथीत पेटी शिरली. पॅरिसमध्ये 1842 साली पेटंट घेतलेले हार्मोनियम हिंदुस्थानात हाताने भाता मारायच्या रूपात रुळले. बैलगाडीच्या किंवा टांग्याच्या प्रवासात वीणेपेक्षा ते सांभाळायला सोपे होते, शिवाय वाटेत सूर उतरण्याची धास्ती नव्हती. टिळकांच्या काळात वाईचे डॉ. दत्तोपंत पटवर्धन यांनी राष्ट्रीय कीर्तनाचा पाया घातला. आख्यानात पुराणपुरुषांच्या जागी शिवाजी महाराज आले आणि पूर्वरंगात स्वदेशीचा विचार. सभेवर सरकारची नजर असे, पण देवळातल्या कीर्तनाला हात लावणे सरकारला अवघड जाई.

वारकरी कीर्तनकाराची फिरती याहून निराळी. तो एकच अभंग निरूपणाला घेतो आणि मागे टाळकरी, विणेकरी व पखवाजवादक उभे असतात. जिथे कीर्तन करायचे तिथले अन्नही घेऊ नये, अशी तुकोबांची शिकवण आहे. तिच्यामुळे बिदागीचा प्रश्न या संप्रदायात नेहमी मनाला टोचत राहिला. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेव्हापासून शिकून तयार झालेले तरुण कीर्तनकार राज्यभर जाऊ लागले आणि प्रवासखर्च घ्यावा की मानधन, हा वाद त्यांच्याबरोबर गेला. गाडगे महाराजांनी (1876–1956) तो वाद आपल्यापुरता मिटवून टाकला होता. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री गोपाळाच्या नावाचा गजर करत लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे, ही त्यांची रीत. जमलेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःपाशी गाडगे, काठी आणि चिंध्यांची गोधडी. विदर्भाचे तुकडोजी महाराज (1909–1968) खंजिरीवर भजन करत हिंडले आणि 1955 मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानलाही जाऊन आले.

कळंब्याच्या आसपासच्या खेड्यांत फिरत्या कीर्तनकाराची गाठ पडते ती सप्ताहात. सात दिवस पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर, असा क्रम असतो. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, म्हणून गावकरी पाळ्या लावून ती गळ्यात घेतात. रोजच्या कीर्तनाला वेगळे महाराज येतात आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसाद वाढला जातो. महाराज एकटेच आले तरी चालते. बाकी सगळे गाव पुरवते. टाळकऱ्यांना चाली पाठ असतात. महाराजांनी अभंगाचे पहिले चरण उचलले की दोन्ही बाजूंच्या रांगा पावली धरून ते झेलतात, पखवाजवाल्याला खूण करावी लागत नाही. कधी न भेटलेली ही माणसे दोन तास एका श्वासाने गातात, कारण हरिपाठ आणि गाथा सगळ्यांची एकच आहे. फिरते कीर्तन शतकानुशतके टिकले याचे मुख्य श्रेय गावात राहून रियाज करणाऱ्या या टाळकऱ्यांना द्यायला हवे. इतिहासात नावे मात्र बुवांचीच उरली.

विसाव्या शतकात नामसंकीर्तन समुद्रापार गेले तेव्हा टाळकऱ्यांचीच अडचण आली, कारण तिथे चरण झेलणारे कोणी नव्हते. परमहंस योगानंदांनी 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये श्रोत्यांकडून भजन गाऊन घेतले, तेव्हा त्यांनी इंग्रजी शब्दांचा आधार घेतला. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद 1966 मध्ये त्याच शहरातल्या टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत बसले आणि एकच महामंत्र पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. महाराष्ट्रातून गेलेली धारा ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीची. तिथले स्वामी मुक्तानंद 1970 ते 1981 या काळात तीनदा जगाच्या दौऱ्यावर गेले. त्यांच्या आश्रमांत नामधून हा रोजच्या साधनेचा भाग होता आणि ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांची नावे त्यांच्या प्रवचनांतून परदेशी साधकांच्या कानी पडली.

योगवर्गांच्या सभागृहांत कीर्तनाचे दौरे सुरू झाले ते यानंतर. न्यूयॉर्कच्या जीवमुक्ती योगकेंद्रात कृष्ण दास 1994 पासून नामगान घेऊ लागले. नीम करोली बाबांचे हे अमेरिकन शिष्य पुढे पेटी घेऊन शहरोशहरी फिरले आणि 2013 मध्ये ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोचले. कॅलिफोर्नियात 2009 पासून भक्ती फेस्ट भरू लागला. या दौऱ्यांची रचना कीर्तनकाराच्या ओळखीची आहे: यजमान केंद्र जागा देते, पाहुणा संध्याकाळी दोन-तीन तास गाऊन घेतो आणि पुढच्या गावी जातो. फरक दोन ठिकाणी पडतो. बिदागीची जागा तिकिटाने घेतली आणि निरूपण व आख्यान जवळजवळ गळून पडले. शब्द ठाऊक नसलेल्या श्रोत्यांसाठी एक ओळ म्हणायची आणि तीच त्यांनी उलट म्हणायची, एवढेच उरले. म्हणून रचना लहान, दोन-चार नामांची असते. लय सावकाश सुरू होऊन हळूहळू द्रुत होते आणि शेवटी शांत बसण्याला वेळ दिला जातो. काही शहरांत आता स्थानिक मंडळी पाहुण्याची वाट न पाहता आठवड्यातून एकदा स्वतःच पेटी-ढोलक घेऊन बसू लागली आहेत.