ओढत्या नौकेचे खडीपासून संरक्षण

ओढत्या नौकेचे खडीपासून संरक्षण यात ट्रेलरवर ठेवून मोटारगाडीमागे रस्त्याने नेल्या जाणाऱ्या नौकेला उडती खडी, खडे, चिखल व रस्त्यावरील इतर कचरा यांपासून इजा होऊ नये म्हणून योजले जाणारे उपाय येतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत लहान नौका पाण्यात कायम नांगरून न ठेवता घरी ठेवण्याची आणि गरजेप्रमाणे तळ्याकाठी किंवा नदीकाठी नेण्याची पद्धत रूढ आहे. अशा नौकेला पाण्यापेक्षा रस्त्यावरच अधिक ओरखडे पडतात, आणि रस्ता खडीचा असेल तर एकाच प्रवासात तिच्या पुढील भागाचा रंग निघून जाऊ शकतो.

खडे कसे उडतात

नौकेवर आदळणारे बहुतेक खडे ओढणाऱ्या गाडीच्याच मागच्या चाकांनी उडवलेले असतात. टायरच्या खाचेत अडकलेला खडा चाकाबरोबर वर येतो आणि पकड सुटताच भिरकावला जातो, तर टायरच्या कडेखाली दाबला गेलेला खडा बाजूला निसटतो. रुंद व खोल खाचांचे टायर अधिक खडे उचलतात. वर उडालेला खडा रस्त्यावर आपटून पुन्हा उसळतो, तेव्हा त्याचा पुढे जाण्याचा वेग बराच कमी झालेला असतो. मागून येणारी नौका मात्र गाडीच्याच वेगाने येत असते. त्यामुळे खडा नौकेवर येऊन आदळतो असे म्हणण्यापेक्षा नौका हवेतील खड्यावर जाऊन आदळते असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

म्हणूनच वेगाला फार महत्त्व आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 10 ग्रॅम वजनाच्या स्थिर खड्यावर नौका ताशी 80 किलोमीटर वेगाने आदळली, तर सुमारे 2.5 जूल ऊर्जेचा आघात होतो. वेग 50 किलोमीटर असेल तर हाच आघात 1 जूलहून कमी भरतो. समोरून येणाऱ्या ट्रकने उडवलेल्या खड्याच्या बाबतीत दोन्ही वाहनांच्या वेगांची बेरीज होऊ शकते. त्यामुळे अशा वेळी वेग कमी करून कडेला सरकणे हाच खरा उपाय उरतो. मडफ्लॅपचा तेथे काही उपयोग नाही.

ट्रेलरची स्वतःची चाकेही खडे उडवतात. त्यांचा मारा नौकेच्या तळावर, मागील बाजूस बसवलेल्या खोलीमापकाच्या संवेदकावर आणि आउटबोर्ड इंजिनाच्या खालच्या भागावर होतो. हे नुकसान समोरून दिसत नसल्याने अनेकदा उशिरा ध्यानात येते.

नुकसानीचे स्वरूप

फायबरग्लासच्या नौकेवर जेलकोट नावाचा रंगीत, चकचकीत थर असतो. त्याची जाडी साधारणपणे अर्धा मिलिमीटर असते. तो कठीण पण ठिसूळ असल्याने खड्याच्या माऱ्याने त्याचे टवके उडतात किंवा आघाताच्या जागेभोवती ताऱ्यासारख्या बारीक चिरा पडतात. टवका पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर प्रश्न मुख्यतः दिसण्याचा असतो. पातळीखालील टवक्यातून मात्र पाणी आतील काचतंतूंच्या थरात झिरपते, आणि थंड प्रदेशात ते गोठले की चीर रुंदावते.

ॲल्युमिनियमच्या नौकेला पोचे येतात आणि रंग उडतो. पत्रा फुटण्याचे प्रसंग विरळ असतात. गोड्या पाण्यात उघडा पडलेला ॲल्युमिनियम फारसा बिघडत नाही, पण खाऱ्या पाण्यात रंग उडालेल्या जागी धातू खाल्ला जातो. आकाराचाही परिणाम होतो. इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे निमुळती नाळ असलेल्या नौकेवरून खडे तिरके घसरून जातात, तर सपाट व बोथट तोंडाच्या नौकेवर ते सरळ आदळतात.

नाळेवरून परावर्तित झालेले खडे कधी कधी पुढे उसळून ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडतात. ऑस्ट्रेलियातील खडीच्या रस्त्यांवर कॅराव्हॅन व नौका ओढणाऱ्यांना हा अनुभव चांगलाच परिचित आहे. त्यामुळे तेथे मागच्या काचेवर पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा चिकटवून निघणारे प्रवासी दिसतात.

संरक्षणाची साधने

सर्वांत परिणामकारक संरक्षण खड्याच्या उगमाजवळचे असते. गाडीच्या मागच्या चाकांचे मूळ मडफ्लॅप बहुधा अरुंद असतात. त्यामुळे ट्रेलर जोडण्याच्या आकड्याच्या नळीवर आडवा दांडा बसवून त्याला गाडीच्या पूर्ण रुंदीचे जाड रबरी पडदे टांगले जातात. त्यांची उंची नौका जोडल्यावरच ठरवावी लागते, कारण ट्रेलरचा भार आल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि रिकाम्या गाडीवर योग्य वाटणारा पडदा रस्त्याला घासू लागतो. पडदा पातळ असेल तर वेगात वाऱ्याने मागे उचलला जातो व निरुपयोगी ठरतो. धूर सोडणाऱ्या नळीचे तोंड रबराजवळ येत असल्यास रबर वितळते. या दोन साध्या गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्याने चांगल्या दर्जाचे पडदेही वाया जातात.

दुसरी आडकाठी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर उभारली जाते. चौकटीवर ताणलेली जाळी, जाड विणीचे कापड किंवा रबरी चादर नाळेच्या पुढे तिरकी बसवली जाते. तिरकेपणामुळे खडा खाली रस्त्याकडे वळतो व मागच्या काचेकडे उसळत नाही. ताणलेले लवचीक कापड आघाताचा जोर शोषून घेते, शिवाय त्यातून वारा जातो. पत्र्याच्या फळीत हे दोन्ही गुण नाहीत. वळणावर गाडीचा कोपरा चौकटीला लागणार नाही इतके अंतर ठेवणे आवश्यक असते.

नौकेला प्रत्यक्ष चिकटवल्या जाणाऱ्या साधनांत पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म महत्त्वाची आहे. अशा फिल्मचा उगम व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या कडा वाचवण्यासाठी झाला. पुढे ती मोटारींवर व नौकांवर वापरात आली. सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीची ही फिल्म बारीक खडी झेलते, पण मोठा खडा तिच्याखालील जेलकोटलाही चिरू शकतो. कण्यावर चिकटवली जाणारी जाड पट्टी मुळात नौका वाळूवर चढवताना होणारी झीज टाळण्यासाठी असते. नाळेच्या मधल्या रेषेपुरते ती खड्यांपासूनही संरक्षण देते.

ताडपत्री किंवा शिवलेले आच्छादन धूळ व पाऊस अडवते, मात्र खड्यांविरुद्ध एकट्या कापडावर विसंबणे योग्य नाही. सैल कापड वाऱ्याने फडफडते आणि त्याखाली शिरलेली धूळ सँडपेपरप्रमाणे काम करते, त्यामुळे खड्यांनी झाले नसते इतके नुकसान आच्छादनच करते. कापड लावण्यापूर्वी पृष्ठभाग धुणे, नाळेवर फोम किंवा जुन्या गालिच्याचा थर देणे आणि पट्टे घट्ट ओढणे या तिन्ही गोष्टी केल्या तरच ते उपयोगी पडते.

अलास्का व युकॉनमधील रस्ते

या विषयाची खरी कसोटी उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडील खडीच्या रस्त्यांवर लागते. अलास्कातील डाल्टन महामार्ग 1974 साली तेलवाहिनीच्या बांधकामासाठी बांधला गेला. 666 किलोमीटर लांबीचा हा रस्ता 1994 पासून सर्वसामान्यांना डेडहॉर्सपर्यंत खुला आहे. त्याचा मोठा भाग खडीचा असून अवजड ट्रकांची वर्दळ असते. युकॉन नदीवरील पुलापाशी नौका पाण्यात उतरवण्याची सोय असल्याने शिकारी व मासेमार तेथवर नौका ओढत नेतात. कॅनडातील डेम्पस्टर महामार्ग 1979 साली खुला झाला. सुमारे 740 किलोमीटरच्या या रस्त्यावरील धारदार शेल खडक टायर फाडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

या रस्त्यांवर धूळ बसवण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड वापरतात. हे क्षार ओलावा धरून ठेवतात. खड्याने रंग उडालेल्या ॲल्युमिनियमवर, ट्रेलरच्या ब्रेकच्या नळ्यांवर आणि दिव्यांच्या जोडण्यांवर हा चिखल बसला की गंज व क्षरण वेगाने सुरू होते. त्यामुळे प्रवास संपताच नौका व ट्रेलर खालून भरपूर पाण्याने धुतले जातात. वायर व ब्रेकच्या नळ्यांना जाड रबरी नळीचे कवच घालण्याची पद्धतही येथे आढळते. टवका उडालेली नौका पाण्यात चालते, पण ब्रेकची नळी फुटलेला ट्रेलर उतारावर जिवावर बेतू शकतो.

दुरुस्ती

जेलकोटचा टवका भरताना कडा थोड्या तासून भाग ॲसिटोनने पुसला जातो व उत्प्रेरक मिसळलेला जुळत्या रंगाचा जेलकोट किंचित उंच भरला जातो. सामान्य जेलकोटचा हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद दाबून ठेवतात किंवा जेलकोटमध्ये मेण मिसळतात. घट्ट झाल्यावर क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पाणकागदाने घासून चकाकी आणली जाते. जुन्या, उन्हाने फिकटलेल्या नौकेवर रंग तंतोतंत जुळणे अवघड असते. ॲल्युमिनियमवर आधी ऑक्साइडचा थर खरवडून धातूला धरणारा प्राइमर व नंतर रंग दिला जातो. प्राइमरशिवाय दिलेला रंग लवकरच पापुद्र्यांनी सुटतो.