दोन धाग्यांची ताटातूट

डीएनए म्हटले की शाळेत 1953 साल सांगितले जाते, वॉटसन आणि क्रिक ही नावे पाठ करून घेतली जातात आणि गोष्ट तिथेच संपते. (रोझालिंड फ्रँकलिनबाईंचे नाव आता कुठे घेतले जाऊ लागले आहे.) मी भाषेचा शिक्षक. पण गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, दोन धागे एकमेकांभोवती पिळून बसलेत, मग ते सुटतात कसे?" मला प्रश्न बाळबोध वाटला होता. पुस्तके उघडल्यावर कळले की 1954 मध्ये मॅक्स डेलब्रुक याच प्रश्नाशी अडले होते. एवढा लांब पीळ उलगडताना गुंता होणार, म्हणून धागे जागोजागी तुटून पुन्हा जुळत असावेत, असे त्यांनी सुचवले.

सुटण्याचा एक मार्ग प्रयोगशाळेत दिसत होता: उष्णता. डीएनएचे द्रावण तापवत नेले की ते 260 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश अधिक शोषू लागते, आणि ही वाढ जवळपास 40 टक्क्यांपर्यंत जाते. गंमत अशी की ती सावकाश होत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग काही अंशांत सगळे उरकते, बर्फाचे पाणी व्हावे तसे. म्हणून याला 'वितळणे' हे नाव पडले.

सुटलेले धागे पुन्हा जुळतील, यावर मात्र फार कोणाचा भरवसा नव्हता. शिजलेले अंडे पुन्हा कच्चे होते का? 1960 मध्ये हार्वर्डला पॉल डॉटी यांच्या प्रयोगशाळेत जूलियस मार्मर आणि डोरोथी लेन यांनी न्यूमोनियाच्या जंतूचा डीएनए तापवला. तो झटकन थंड केला तर त्याचा आनुवंशिक गुण गेलेलाच राहिला. हळूहळू थंड केला, तर तो गुण बऱ्याच अंशी परत आला. हजारो अक्षरांच्या गर्दीत धाग्याने आपला जोडीदार शोधून काढला होता! मला या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याचेच नाव सर्वांत कमी घेतले जाते.

1962 मध्ये मार्मर आणि डॉटी यांनी हिशेबही मांडला. मिठाचे प्रमाण ठरावीक ठेवले, तर जी-सी जोड्या एका टक्क्याने वाढल्या की वितळण्याचे तापमान 0.41 अंशाने वाढते.

इथे भौतिकशास्त्रज्ञांची पंचाईत झाली. एकाच मितीत पसरलेल्या आणि फक्त शेजाऱ्याशी बांधलेल्या वस्तूत बर्फ-पाण्यासारखे खरे अवस्थांतर होत नाही, हा जुना नियम. डीएनए तर सरळ शिडीच. मग ती इतकी एकदम कशी सुटते? 1966 मध्ये डग्लस पोलंड आणि हॅरॉल्ड शेरागा यांनी उत्तर दिले: शिडी मधूनच उघडते आणि तिथे धाग्यांचे फुगे होतात. घरातून निघालेल्या मुलाने वाटेल तसे भटकावे, पण नेमक्या हजाराव्या पावलाला उंबरठ्यावर परत यावे, अशी अट घातली तर त्याच्या वाटा किती कमी होतील? फुग्यालाही हीच अट असते. फुगा जितका मोठा तितकी ही अट महाग, आणि ती किती झपाट्याने महागते ते एका घातांकावर ठरते. तो 2 च्या वर असेल तरच वितळणे एकदम होते.

पोलंड-शेरागा यांच्या गणितात तो दीड आला. धागा स्वतःलाच छेदून जाऊ शकत नाही, हे मायकेल फिशर यांनी त्याच वर्षी धरले, तर 1.76 च्या आसपास. दोन्ही उत्तरे कमीच. जवळजवळ 34 वर्षे हे असेच राहिले. 2000 मध्ये यारिव काफ्री, डेव्हिड मुकामेल आणि लुका पेलिती यांनी दाखवले की फुग्याला स्वतःचीच नव्हे, बाहेरच्या उरलेल्या साखळीचीही अडचण होते. ती मोजल्यावर आकडा 2 ओलांडून 2.1 च्या जवळ गेला.

पेशीत मात्र 90 अंशांची भट्टी नसते. तिथे प्रथिने धागे ओढून वेगळे करतात. त्याच सुमारास भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेतले सोमेंद्र मोहन भट्टाचार्जी यांनी या ओढण्याचा सिद्धांत मांडला: बल ठरावीक मर्यादेपर्यंत असेल तर जोडी टिकते, त्यापुढे ती चेनसारखी उघडत जाते. मुलीला मी हेच सांगितले. तिने लगेच विचारले, "मग सर, ओढणारा थांबला की परत बंद होते का?"