बेसिक : सर्वांसाठी घडवलेली भाषा

१/ १ मे १९६४, पहाटेचे सुमारे चार. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि एक विद्यार्थी शेजारशेजारच्या टेलिटाइपवर बसले. दोघांनीही ‘रन’ ही आज्ञा दिली आणि एकाच संगणकाने दोघांनाही उत्तर दिले. ‘बेसिक’ या भाषेचा हा जन्म.

२/ तोवर संगणकापर्यंत पोहोचणेच दुष्कर होते. काही वर्षांपूर्वी केमेनींचे सहकारी थॉमस कर्ट्झ छिद्रांकित कार्डांची पेटी घेऊन रेल्वेने बॉस्टनला जात, कारण यंत्र एमआयटीत होते. एखादे चिन्ह चुकले, तर ती दुरुस्ती पुढच्या खेपेवर जाई.

३/ डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. मात्र उद्योग आणि शासन चालवणारी माणसे त्यांच्यातूनच निघणार होती. संगणकाविषयीचे निर्णय संगणकाला कधीही हात न लावलेल्यांनी घ्यावेत, हे या दोघांना मान्य नव्हते. ग्रंथालयातील खुल्या कपाटांप्रमाणे संगणकही प्रत्येकाला मुक्तपणे वापरता यावा, हा त्यांचा आग्रह.

४/ पहिला अडसर यंत्राचा. त्यावर जॉन मॅकार्थी यांनी ‘टाइम-शेअरिंग’चा मार्ग सुचवला. संगणक प्रत्येकाच्या कामाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे वळतो. बसलेल्याला मात्र यंत्र आपल्याच सेवेत आहे असे वाटते. या प्रणालीचा मोठा भाग पदवीच्या विद्यार्थ्यांनी लिहिला.

५/ दुसरा अडसर भाषेचा. फोरट्रानमध्ये आवर्तन लिहिताना स्वल्पविरामांनी विलग केलेल्या संख्यांचा क्रम पाठ असावा लागे. बेसिकने तेथे ‘फॉर’, ‘टू’, ‘स्टेप’ असे साधे इंग्रजी शब्द योजले. काम सुरू करण्याची आज्ञा होती ‘हॅलो’, संपवण्याची ‘गुडबाय’.

६/ टीकाही तितकीच प्रखर झाली. ‘गोटू’ या आज्ञेमुळे विचारांची शिस्त बिघडते, असा एड्सखर डायक्स्ट्रा यांचा आक्षेप होता. बेसिकवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य, असे त्यांनी १९७५ मध्ये लिहिले. निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पुढे आणलेल्या पास्कलचा हेतूही अध्यापनाचाच होता; परंतु तिचा भर सुघटित रचनेवर होता. एकीचा प्रश्न ‘कोण शिकणार?’, तर दुसरीचा ‘कसे शिकणार?’

७/ १९७५ नंतर घरगुती संगणकांच्या तुटपुंज्या स्मृतीत बसवण्यासाठी बेसिकची काटछाट झाली. तिच्या जनकांनाच ती रूपे रुचली नाहीत. १९८० च्या दशकात त्यांनी सुघटित ‘ट्रू बेसिक’ आणली. तरीही प्रसार काटछाट केलेल्या रूपांचाच झाला. भारतात १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले, त्यांतही बेसिकच होती.

८/ एक विसंगती नोंदवायला हवी. १९६४ मध्ये डार्टमथ हे केवळ पुरुषांचे महाविद्यालय होते; ‘सर्वांसाठी’ या शब्दाला तेवढीच मर्यादा होती. पुढे १९७० मध्ये केमेनी तेथील अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, तेथे मुलींना पदवी अभ्यासक्रमाचा प्रवेश खुला झाला.