मोठ्या आजीचा आठवा महिना

मागच्या महिन्यात लेकीला आठवा लागला. सोनोग्राफीच्या टेबलावर उताणी झोपली आणि तिला भोवळ आली. घामाने चिंब, ओठ पांढरे. डॉक्टरीणबाईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, दोन मिनिटांत पोरगी बोलायला लागली. त्यांनी समजावलं, शेवटच्या महिन्यांत उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. तरी रक्त तपासून घ्या म्हणाल्या. मी मात्र घरी येईपर्यंत गप्पच. डोक्यात मोठी आजी होती.

मोठी आजी म्हणजे आजोबांची पहिली बायको. 1934 साली, इथेच इंदूरला, रामबागेतल्या भाड्याच्या घरात ती आठव्यात गेली. ती गेली म्हणून आमची आजी या घरात आली, म्हणजे आम्ही सगळेच आलो. आजी हे सगळं पणजीच्या तोंडून ऐकलेलं सांगायची. पाणी भरताना मोठी दोनदा पडली. चेहरा पिवळट, जीभ लालभडक, चार पायऱ्या चढली की धाप. घरच्यांनी दृष्ट काढली, दंडाला काळा दोरा बांधला. आणि बाळ मोठं होऊन अडू नये म्हणून ताट निम्मं केलं! पालेभाजी व्हायची, पण उकडून, पाणी फेकून. तीही पुरुषांची जेवणं झाल्यावर उरली तर. शेवटी काय, तर ‘आठव्याने नेली’.

आता जे वाचलं त्याने मला झोप लागली नाही. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण 1928 साली मुंबईत आली. गिरणीतल्या गरोदर बायकांना होणाऱ्या, जीव घेणाऱ्या पंडुरोगाचं कारण ती शोधत होती. जेवणात भाजीपाला-फळं नाहीत हे तिने पाहिलं. मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्तातला अर्क, दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. हे तिने 1931 साली छापलं. त्यातलं गुणकारी द्रव्य पुढे 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळं काढलं, तेच फॉलिक अ‍ॅसिड. फार उकळलं की ते नासतं, आणि पाण्याबरोबर जातं.

मोठ्या आजीला तेच होतं, असं मी म्हणत नाही. कोणी तपासलंच नव्हतं. पण खांडव्याला गाडी बदलली की मुंबई, आणि तिच्या आधी तीन वर्षं ते छापून झालेलं. आमच्या घरापर्यंत पोचायला मात्र 1970 नंतरच्या सरकारी लोह-फॉलिकच्या गोळ्याच याव्या लागल्या. माझ्या बाळंतपणात आजीच त्या मोजून द्यायची, एकही चुकवू द्यायची नाही. तेव्हा मी वैतागायचे.

लेकीचं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं, अकरा तरी हवं. गोळ्या वाढवल्यात. परत चक्कर आली, डोकं दुखलं, अंगावर गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र असो की दिवस, थेट दवाखान्यात यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

मोठ्या आजीचा फोटो नाही. नावसुद्धा आजीने एकदाच घेतलेलं, तेही हळू आवाजात. तुमच्या घरात अशी कोणी ‘पहिली’ असेल, तर तिच्याबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारून इथे लिहाल का?