धुण्याचे वर्तुळ

गेल्या वर्षी आमच्या घरी नवे वॉशिंग मशीन आले. ‘धुलाईयंत्र’ असा शब्द मराठीत आहे, पण बोलताना तो कुणी वापरत नाही. जुने दोन टाक्यांचे यंत्र मोडीत काढून हे पुढून दार असलेले यंत्र आणले आणि पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. सुती कपड्यांना अडीच तास लागतात. दार एकदा बंद झाले की मागे राहिलेला हातरुमाल आत टाकता येत नाही. काचेतून पाहावे तर पाणी दिसतच नाही. कपडे भिजले की नाही याचीच शंका. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने यंत्रात काहीही दोष नसल्याचा निर्वाळा दिला, आणि तो खराच होता. मग निर्दोष यंत्राविषयी असमाधान का वाटावे? या प्रश्नाने आम्हांला या यंत्राच्या इतिहासाकडे नेले.

मराठीत धुण्याची क्रिया एका क्रियापदात मावत नाही. भिजवणे, घासणे, चुबकणे, धोपटणे, आपटणे, खळबळणे, पिळणे, झटकणे अशी ती माळ आहे, आणि त्यातल्या प्रत्येक क्रियेमागे हाताची, पाठीची, मनगटाची वेगळी हालचाल आहे. धुण्याच्या यंत्रांचा इतिहास हा यांतले कोणते क्रियापद यंत्राने उचलायचे, याचा इतिहास आहे असे म्हणता येईल.

रेगेन्सबुर्ग येथील धर्मोपदेशक व निसर्गाभ्यासक याकोब ख्रिस्तियान शेफर यांनी १७६७ साली आपल्या धुण्याच्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. लाकडी पिंप, झाकणातून आत उतरलेला दांडा आणि तो फिरवायला मूठ, एवढीच त्याची रचना. चिंध्यांऐवजी वनस्पतींपासून कागद करता येईल का, याचे प्रयोग करणारे शेफर ते हेच. कागद तेव्हा जुन्या कपड्यांपासून होत असे. एकाच माणसाने कपड्याचे धुणे आणि कपड्याचे कागद होणे या दोन्हींचा विचार करावा, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला रंजक वाटेल.

विसाव्या शतकात वीज आली तेव्हा क्रियापदांची वाटणी झाली. अमेरिकेत मेटॅग कंपनीने १९२२ साली टाकीच्या तळाशी पाती असलेला मधला खांब बसवला. कपडे पाण्यातून ओढण्याऐवजी पाणीच कपड्यांतून ढकलायचे, अशी ती कल्पना होती. आपल्या नजरेला ती ताकातली रवीच वाटेल. हे यंत्र घुसळते. १९३७ साली बेन्डिक्सचे स्वयंचलित यंत्र आले. त्यात आडवे पिंप कपडे वर उचलून खाली टाकते, म्हणजे हे यंत्र आपटते. त्याला इतके हादरे बसत की ते जमिनीला बोल्टांनी जखडावे लागे. तिसरे घराणे फिरत्या चकतीचे. ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १९४८ साली, तर जपानमध्ये सान्योने १९५३ साली अशी यंत्रे आणली. ही यंत्रे स्वस्त, सुटसुटीत. ती खळबळतात आणि कपड्यांचा गुंताही करतात. आमचे मोडीत गेलेले यंत्र याच घराण्यातले, शेजारी पिळण्यासाठी दुसरी टाकी जोडलेले.

या तिन्ही घराण्यांची तुलना करायला एक साधन आहे. हेंकेल कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली मांडले की धुणे चार गोष्टींनी होते : रसायन, उष्णता, हालचाल आणि वेळ. या चौघांचे मिळून एक वर्तुळ होते. एकाचा वाटा कमी केला तर तो उरलेल्यांनी भरून काढला पाहिजे. पाणी हे या चौघांना एकत्र आणणारे माध्यम. मुंबईच्या महालक्ष्मी येथील धोबीघाट या वर्तुळातूनच समजतो : दगडावरची आपटणी म्हणजे हालचाल, भट्टी म्हणजे सोडा आणि उष्णता. रवीच्या यंत्राने जोराची घुसळण आणि भरपूर गरम पाणी वापरून वेळ वाचवला. एका धुण्याला सुमारे १५० लिटर पाणी घेऊन ते अर्ध्यापाऊण तासात मोकळे होई.

पुढे हिशेब बदलला. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा हा सरकारी धोरणाचा विषय झाला. अमेरिकेत २००७च्या जानेवारीत यंत्रांच्या ऊर्जावापरावर अधिक कडक मर्यादा लागू झाली. त्याच वर्षी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-मासिकाच्या चाचण्यांत वरून उघडणारी अनेक नवी यंत्रे जुन्यांपेक्षा वाईट धुतात असे आढळले. रवीच्या यंत्राचे गरम पाणी काढून घेतले, पण त्याची भरपाई करायला वेळ दिला नव्हता. आडव्या पिंपाने हीच भरपाई वेळेतून आणि विकरयुक्त पावडरीतून केली. विकरे कोमट पाण्यातही डाग तोडतात, मात्र सावकाश. पाणी आतच तापवणारी आणि दीर्घकाळ चालणारी अशी यंत्रे युरोपात रुळली होती, म्हणून तिथे दोन तासांचे कुणाला नवल नव्हते. आमचे अडीच तास म्हणजे बिघाड नव्हे. ते वाचलेल्या पाण्याचे आणि विजेचे मोल आहे.

तरीही दोन टाक्यांचे यंत्र आपल्याकडे टिकून आहे, ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. नळाला दाब असो वा नसो, ते बादलीने भरता येते. पांढऱ्या कपड्यांचे साबणपाणी रंगीत कपड्यांना आणि शेवटी पायपुसण्यांना वापरता येते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा प्रदेशात किती पाणी, कितीदा, कशासाठी, हे ठरवण्याची मुभा ही चैन नसून गरज असते. नवे यंत्र पाणी कमी घेते खरे, पण ते नळाकडूनच घेते आणि निर्णय आपल्या हाती ठेवत नाही.

येथवर आल्यावर आमच्या असमाधानाचे कारण सापडले असे आम्हांला वाटले. पण ते अर्धेच होते. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवले की घरगुती यंत्रांनी अमेरिकी गृहिणीचे काम अपेक्षेइतके कमी केले नाही. धोबीण गेली, बाहेरची लाँड्री गेली, स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि सारे धुणे घरातल्या बाईकडे परतले. आमच्या घरचा इतिहास याहून निराळा नाही. जुन्या यंत्राच्याही आधी आमच्याकडे धुण्याला एक बाई येत. मोरीत उकिडवे बसून धोपटणे चालवताना त्यांना किती वेळ लागतो, हे आम्ही कधी घड्याळात पाहिले नाही. यंत्र आले, त्यांचे काम सुटले आणि आम्ही त्याला सोय म्हटले. सिनर यांच्या वर्तुळातली हालचाल आणि वेळ तेव्हाही खर्च होतच होते. फक्त ते आमच्या खात्यावर पडत नव्हते.

नव्या यंत्राने हा खर्च आकड्यांत लिहून दारावर लावला आहे : दोन तास तीस मिनिटे. धुण्याला एवढा वेळ लागतो हे आम्ही प्रथमच वाचतो आहोत. मागे राहिलेला हातरुमाल आत टाकता येत नाही, ही तक्रार मात्र आम्ही मागे घेत नाही. तो आता हातानेच धुवावा लागतो, आणि तेवढ्या दोन मिनिटांत भिजवण्यापासून झटकण्यापर्यंतची सारी क्रियापदे आठवतात.