माणसाची पत आकड्यात कशी आली? क्रेडिट स्कोअरच्या आवृत्त्यांचा इतिहास

१/१७
अमेरिकेत एकाच माणसाने एकाच दिवशी मोटारीसाठी आणि घरासाठी कर्ज मागितले, तर दोन्ही ठिकाणी त्याचा क्रेडिट स्कोअर वेगळा निघू शकतो. यात गणिताची चूक नसते. स्कोअर मुळात एक नाहीच. त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत आणि प्रत्येक आवृत्तीत ‘पत कशाला म्हणावे’ याचे त्या त्या काळाचे उत्तर दडलेले आहे.

२/१७
या इतिहासाची सुरुवात १८३७ च्या आर्थिक अरिष्टात आहे. न्यू यॉर्कमधील टॅपन बंधूंची रेशमाची पेढी त्यात बुडाली. गुलामगिरीविरोधी चळवळीत अग्रभागी असलेल्या ल्युईस टॅपनने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली. दूरच्या गावातला दुकानदार उधारी फेडेल की नाही, हे आता घाऊक व्यापाऱ्याला वर्गणी भरून विचारता येऊ लागले.

३/१७
माहिती पाठवीत ते गावोगावचे बातमीदार. त्यांत वकिलांचा भरणा असे. तरुण अब्राहम लिंकन त्यांपैकीच एक. मालमत्ता किती, दारूचे व्यसन आहे का, घरसंसार कसा, वंश आणि धर्म कोणता, हे सारे जाडजूड खतावण्यांत उतरवले जाई. नोंदींना अधिकार मोठा होता, पण त्यांचा पाया होता एका माणसाचे दुसऱ्याविषयीचे मत.

४/१७
१८५७ मध्ये जॉन ब्रॅडस्ट्रीटने व्यापाऱ्यांच्या पतश्रेणींचे पुस्तकच छापले. लांबलचक वर्णनाची जागा संक्षिप्त श्रेणीने घेतली. पुढे १९३३ मध्ये या दोन्ही परंपरा एकत्र आल्या आणि त्यातूनच आजची ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ घडली. मात्र हे सारे व्यापाऱ्यांपुरते होते. सामान्य ग्राहक अजून या वह्यांबाहेरच होता.

५/१७
ग्राहकांची नोंद ठेवणारी ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ १८९९ मध्ये अटलांटा शहरात वुलफर्ड बंधूंनी सुरू केली. हीच आजची ‘इक्विफॅक्स’. विसाव्या शतकात मोटारी आणि घरगुती यंत्रे हप्त्यांवर विकली जाऊ लागली, तशी अनोळखी माणसाला उधार द्यावे की नाही हा प्रश्न लाखो दुकानांत रोज उभा राहिला.

६/१७
उत्तराची किल्ली सापडली ती वनस्पतींच्या अभ्यासात! १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पाकळ्यांच्या मोजमापांवरून आयरिस फुलांच्या जाती वेगळ्या करण्याची रीत मांडली. १९४१ मध्ये डेव्हिड ड्युरँड या अमेरिकी संशोधकाने तीच रीत कर्जांना लावली. फुलांच्या जातींच्या जागी आता फेडलेली आणि बुडालेली कर्जे होती.

७/१७
ड्युरँडच्या गुणतक्त्यात एक लक्षणीय गोष्ट होती: स्त्री अर्जदाराला पुरुषापेक्षा अधिक गुण मिळत, कारण त्याने तपासलेल्या कर्जांत स्त्रियांची परतफेड अधिक चांगली होती. तरीही पुढची तीन दशके अनेक कर्जदाते विवाहित स्त्रीकडे पतीची सही मागतच राहिले. आकडे हाती आले म्हणून पूर्वग्रह आपोआप गेले नाहीत.

८/१७
१९५६ मध्ये अभियंता बिल फेअर आणि गणितज्ञ अर्ल आयझॅक यांनी प्रत्येकी ४०० डॉलर घालून ‘फेअर, आयझॅक अँड कंपनी’ काढली. ‘फायको’ हे आजचे नाव त्यातूनच आले. १९५८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील ५० मोठ्या कर्जदात्यांना पत्रे लिहून आपली गुणपद्धती समजावून देण्याची तयारी दाखवली. उत्तर आले फक्त एकाचे.

९/१७
या थंड प्रतिसादाचे कारण समजण्यासारखे आहे. अर्जदाराला समोर बसवून त्याची पारख करणे हे कर्ज-अधिकाऱ्याचे कसब मानले जात होते. एका कागदी तक्त्याने ते काम अधिक अचूक करावे, ही कल्पनाच त्या पेशाला धक्का देणारी होती.

१०/१७
पारडे फिरवले ते कायद्याने. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा केलेल्या ऐकीव माहितीविरुद्ध ओरड झाल्यावर १९७० मध्ये पत-अहवालांवर बंधने आली. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने लिंग आणि वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९७६ मध्ये त्यात वंश, धर्म आदींची भर पडली. ‘माझी पारख’ हे कारण न्यायालयात टिकवणे कठीण झाले. गुणतक्ता मात्र दाखवता येत होता.

११/१७
तोपर्यंत प्रत्येक मोठ्या कर्जदात्याचा तक्ता निराळा असे. १९८९ मध्ये पत-नोंदणी संस्थेच्या नोंदींवरून काढलेला, कोणत्याही कर्जदात्याला वापरता येईल असा सर्वसाधारण फायको स्कोअर आला. इक्विफॅक्सने त्याला ‘बीकन’ म्हटले, तर ट्रान्सयुनियनने ‘एम्पिरिका’. एका सूत्राला अनेक नावे पडण्याची सुरुवात इथे झाली.

१२/१७
३०० ते ८५० च्या या मोजपट्टीत परतफेडीच्या इतिहासाला ढोबळमानाने ३५ टक्के, देणे रकमेला ३०, पतव्यवहाराच्या कालावधीला १५ आणि नवी कर्जे व कर्जांचे प्रकार यांना प्रत्येकी १० टक्के वजन असते. १९९५ मध्ये गृहकर्जे विकत घेणाऱ्या ‘फॅनी मे’ आणि ‘फ्रेडी मॅक’ यांनी त्याची शिफारस केली आणि घराचा दरवाजा या आकड्याशी बांधला गेला.

१३/१७
काळ बदलला तसे सूत्रही बदलले. २००९ च्या फायको ८ ने वसुली संस्थेकडे गेलेली १०० डॉलरपेक्षा कमी मूळ रकमेची थकबाकी दुर्लक्षित केली. २०१४ च्या फायको ९ ने फेडून टाकलेली अशी थकबाकी हिशेबातूनच वगळली आणि न फेडलेल्या वैद्यकीय बिलांचा भार हलका केला. आजारपण आणि बेजबाबदारपणा एक नव्हेत, हे सूत्राने उशिरा का होईना मान्य केले.

१४/१७
पण गृहकर्जाच्या बाजारात फायको २, ४ आणि ५ या जुन्या आवृत्त्याच चालत राहिल्या. तिन्ही नोंदणी संस्थांसाठी एकेक. साऱ्या व्यवस्था, करार आणि जोखमीचे अंदाज त्यांच्यावर उभे होते. परिणाम असा की, दवाखान्याचे जुने देणे फेडलेल्या माणसाला नवी आवृत्ती मोकळे करी, तर घर घेताना जुनी आवृत्ती त्याच देण्याचा डाग दाखवी.

१५/१७
२००६ मध्ये तिन्ही नोंदणी संस्थांनी मिळून ‘व्हँटेजस्कोअर’ हा प्रतिस्पर्धी उभा केला. त्याच्या पहिल्या दोन आवृत्त्यांची पट्टी ५०१ ते ९९० अशी होती. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीने ३०० ते ८५० ही रूढ पट्टी स्वीकारली. २०२० च्या फायको १०टी ने एका दिवसाच्या शिलकीऐवजी मागील २४ महिन्यांचा कल पाहिला. २०२२ मध्ये अमेरिकी गृहवित्त नियामकाने फायको १०टी आणि व्हँटेजस्कोअर ४.० यांना गृहकर्जासाठी मान्यता जाहीर केली.

१६/१७
भारतातील पहिली पत-माहिती संस्था ‘सिबिल’ २००० मध्ये मुंबईत स्थापन झाली. २००५ मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा आला. इथली पट्टी ३०० ते ९०० अशी आहे. म्हणून ७५० हा आकडा मुंबईत आणि न्यू यॉर्कमध्ये एकच गोष्ट सांगत नाही. सिबिलच्याही आवृत्त्या झाल्या: दुसऱ्या आवृत्तीने सहा महिन्यांहून कमी इतिहास असलेल्या नवख्या कर्जदारांसाठी १ ते ५ असा वेगळा निर्देशांक आणला.

१७/१७
टॅपनच्या खतावणीत कोणाचे मत आहे, हे निदान उघड दिसे. आकड्यात ते दिसत नाही. पण कोणती थकबाकी विसरायची, किती महिने मागे पाहायचे, हे आजही माणसेच ठरवतात. म्हणून स्कोअर समोर आला की दोन प्रश्न विचारावे लागतात: तो कोणत्या संस्थेच्या नोंदींवरून काढला, आणि कोणत्या आवृत्तीने?